सायकियाट्रीत जाऊ का? डॅलसमधल्या एका मिरजकर नर्सचं सविस्तर उत्तर

विचारणारी मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सांगलीकडचीच. तिने विचारलंय ते थोडक्यात असं: सायकियाट्रीची पोस्टिंग मनापासून आवडली पण घरचे म्हणतात वेड्यांच्या दवाखान्यात कशाला जातेस, अमेरिकेत नर्स स्वतः औषधं लिहून देते हे खरं आहे का, आणि ताई रोज असलं ऐकून तुम्हाला काही होत नाही का. मी मूळची मिरजेची, आता डॅलसजवळ असते, सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर म्हणून एका ओपीडी क्लिनिकमध्ये काम करते, म्हणून म्हटलं जरा निवांत लिहावं. पेशंटच्या गोष्टी लिहिल्यात त्यात तपशील बदललेत, दोघातिघांचं मिसळलंय, त्यामुळे कोण असेल याचा अंदाज बांधत बसू नका.

आधी औषधांचं. हो, लिहून देते. निदान करते, औषध सुरू करते, डोस वाढवते कमी करते, बंद करते, रक्ताच्या तपासण्या सांगते. नर्स प्रॅक्टिशनर हा प्रकार 1965 मध्ये कोलोरॅडो युनिव्हर्सिटीत सुरू झाला, लॉरेटा फोर्ड नावाच्या नर्स आणि हेन्री सिल्व्हर नावाचे बालरोगतज्ज्ञ या दोघांनी केला, कारण खेडोपाडी पोरांना बघायला डॉक्टरच नव्हते. मग तो वाढत वाढत सगळ्या शाखांत गेला. पण अधिकार किती ते राज्यावर आहे. वॉशिंग्टन, ॲरिझोनासारख्या राज्यांत एनपी म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर स्वतःचं क्लिनिक टाकून बसते, कुणाची सही लागत नाही. आमच्या टेक्सासात तसं नाही. इथे एका डॉक्टरबरोबर लेखी करार लागतो, त्याच्यासोबत दर महिन्याला मीटिंग होते, केसेसवर बोलणं होतं. आणि एडीएचडीसाठी (लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ होते तो आजार) जी ॲडरॉल, रिटॅलिनसारखी औषधं असतात ती शेड्यूल टू मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांत मोडतात, ती मी ओपीडीत लिहूच शकत नाही, त्याला डॉक्टरच लागतो. म्हणजे पेशंटला तपासायचं मी, चर्चा करायची मी, आणि प्रिस्क्रिप्शनसाठी त्याने थांबायचं. याच्यावर लोक तावातावाने भांडतात, मला स्वतःला डॉक्टर सोबत असण्याचा त्रास होत नाही, उलट अवघड केसला फोन करायला कुणीतरी आहे हे बरं वाटतं, पण त्या सहीसाठी जे पैसे आकारले जातात ते बघितलं की डोकं फिरतं.

भारतात आत्ता हे नाही. क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा कोर्स आहे, सायकियाट्रीत मात्र एक वर्षाचा डिप्लोमा नाहीतर एम.एस्सी., आणि दोन्ही करून औषध लिहिण्याचा अधिकार मिळत नाही. डिप्लोमा करायचाच असेल तर बेंगळुरूचं निमहान्स, रांचीचं सीआयपी, तेजपूरची संस्था, मानसिक आरोग्याच्या या सरकारी संस्थांची नावं लक्षात ठेव. आपल्याकडे महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथे जे शिकायला मिळतं ते कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या एसी वॉर्डात मिळायचं नाही.

मी सुरुवात अशाच एका सरकारी वॉर्डात केली, कुठला ते राहू दे. बायकांचा वॉर्ड. सकाळी सातला हँडओव्हर, मग अंघोळी, मग केसात उवा आहेत का बघणं, नखं कापणं, मग गोळ्या. गोळी दिली की पाणी, पाणी प्यायलं की "आ कर", जीभ वर कर, गालात बघ. नवीन मुलींना वाटायचं हे काय पोलिसी काम. आमच्या इन्चार्ज सिस्टर होत्या, त्या म्हणायच्या, गोळी का लपवते ते विचारलंस का? आणि खरंच विचारलं की कळायचं, एकीला गोळीने तोंडातून लाळ गळायची आणि बाकीच्या बायका हसायच्या. एकीला पाय एका जागी ठेवताच यायचे नाहीत, रात्रभर येरझाऱ्या, सगळ्यांनी लिहिलेलं "पेशंट रेस्टलेस", म्हणून डोस अजून वाढवलेला, आणि तो अस्वस्थपणा तिला देत असलेल्या इंजेक्शनचाच होता. डॉक्टर राऊंडला येतात तेव्हा ती शांत बसलेली असते, दहा मिनिटं. रात्री दोन वाजता ती कशी असते हे फक्त नाईटच्या सिस्टरला आणि मावशींना माहीत.

माझं सगळं काम त्या एका गोष्टीवर उभं आहे असं मला वाटतं. औषध लिहायचा अधिकार आला म्हणून मी छोटी डॉक्टर झाले नाही. मला अर्धा तास मिळतो, पेशंटचा दिवस चोवीस तासांचा असतो, आणि आजार तिथे साडेतेवीस तासांत असतो. वॉर्डात ते डोळ्यांनी दिसायचं, इथे प्रश्न विचारून काढावं लागतं. गोळी कधी घेता, कशासोबत घेता, डबी कुठे ठेवता, आणायला कोण जातं, कामावर जेवायची सुट्टी किती वाजता, रात्री शेजारी कोण झोपतं. "मूड कसा आहे" याला प्रत्येकजण "फाइन" म्हणतो, त्यात काही नाही.

एक उदाहरण देते. घरांची छपरं बसवणारा माणूस, पन्नाशीचा, बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी), त्यावरच्या लिथियम या औषधावर कित्येक वर्षं एकदम स्थिर. लिथियमची रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.2 मध्ये ठेवतात, याची नेहमी 0.8 च्या आसपास. जुलैत आला, म्हणाला सगळं मस्त. फॉर्मवर सही करायला पेन घेतलं तर पेन कागदावर टकटक वाजतंय. सहीची शेपटी नेहमी सरळ असायची ती करवतीसारखी आलेली. मी विचारलं हल्ली काम कुठे चाललंय, तर म्हणाला छपरावरच, उन्हाळ्यात सीझन असतो, सकाळी सहापासून. डॅलसचा जुलै म्हणजे आपला विदर्भाचा मे समज. घाम किती येतो? शर्ट पिळता येतो म्हणाला. पाठ दुखते का? हो, त्यासाठी ॲडव्हिल घेतो, रोज, तीन तीन वेळा. पोट? दोन दिवस जरा ढिलं आहे. झालं. घामाने शरीरातलं पाणी आणि मीठ गेलेलं, वर ॲडव्हिल म्हणजे आयबुप्रोफेन, ते किडनीतून लिथियम बाहेर पडू देत नाही. त्याच दिवशी ईआरला म्हणजे इमर्जन्सीला पाठवला, पातळी दीडच्या वर निघाली. कुणीही त्याला लिथियम "चुकीचं" दिलं नव्हतं, चार्टवर सगळं बरोबर होतं, छपरावर काय चाललंय ते तेवढं चार्टवर नव्हतं. तेव्हापासून लिथियमवरच्या प्रत्येकाला मी एप्रिलमध्येच विचारते, उन्हात काम आहे का, आणि डोकं दुखलं तर काय घेता. पॅरासिटामॉल घ्या, इथे टायलेनॉल म्हणतात.

स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिनचंही तसंच. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, त्याला सगळे घाबरतात, आणि घाबरायलाच पाहिजे, पहिले सहा महिने दर आठवड्याला रक्त, मग सहा महिने पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. 2025 मध्ये एफडीएने, म्हणजे इथल्या औषध नियामकाने, त्या रक्ताच्या रिपोर्टची सक्तीची नोंदणी काढून टाकली, रक्त तपासणं काही सुटलं नाही. पण मी पहिला प्रश्न विचारते तो शौचाला साफ होतं का. लोक हसतात. क्लोझापिनने आतडं इतकं मंदावतं की त्यात माणसं दगावतात, आणि पेशंट आपणहून कधी सांगत नाही. दुसरा प्रश्न सिगारेटचा. सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात क्लोझापिन लवकर संपतं, त्याने अचानक सोडली की तोच डोस जड होतो, पेशंट दिवसभर पेंगतो आणि घरचे म्हणतात बघा सिगारेट सोडली तर आजारी पडला.

हे फार्मकॉलॉजी आहे ना, ते पुस्तकात आहे, पाठ करता येतं. विचारायचं सुचणं हे वॉर्डात येतं. म्हणून इथे हल्ली जे चाललंय, बेडसाइडचा एक दिवसाचा अनुभव नाही आणि ऑनलाइन डिग्री करून थेट एनपी, ते मला पटत नाही आणि मी ते तोंडावर सांगते. आणि ती पंधरा मिनिटांची "मेड चेक" वाली, म्हणजे नुसती औषधं बघून सोडणारी क्लिनिकं. मी एका ठिकाणी तसं काम केलंय, दिवसाला इतके पेशंट की नावं लक्षात राहायची नाहीत, जेवण गाडीत. सोडलं. पगार कमी घेतला आणि अर्ध्या तासाचा स्लॉट मागून घेतला. तू विचारलं नाहीस पण मनात असेल म्हणून सांगते, एनपीचा पगार इथे वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या आसपास असतो, सायकियाट्रीत थोडा जास्तच, पण कर, इन्शुरन्स, घर, मुलांचं डे-केअर धरून त्याचा हिशोब कर, गुणिले रुपये करून नको.

आत्महत्येचं वेगळं लिहिते कारण विद्यार्थी सगळ्यात जास्त इथेच अडखळतात. विचारलं तर तिच्या डोक्यात येईल, ही भीती काढून टाक, विचारल्याने विचार येत नाही, उलट बऱ्याच जणांचा चेहरा सैल होतो. आडवळणाने "तसं काही मनात..." असं नको. "जीव द्यावासा वाटतो का" असं सरळ. हो म्हटलं तर कसं, कधी, कशाने, घरात काय आहे. मिरज, तासगावकडे हा प्रश्न म्हणजे द्राक्षावर फवारायचं औषध कुठे ठेवता, खोलीला कुलूप आहे का. टेक्सासात तोच प्रश्न म्हणजे घरात बंदूक आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवता का, किल्ली कुणाकडे. अमेरिकेत आत्महत्येने जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बंदुकीने जातात. पहिल्यांदा एका दणकट काऊबॉय हॅटवाल्याला हे विचारताना माझा घसा कोरडा पडला होता, इथे बंदुकीबद्दल विचारणं म्हणजे लोकांना देवघरात चप्पल घालून आल्यासारखं वाटतं. त्याला म्हटलं काढून घ्यायला आले नाहीये, पुढचे दोन महिने भावाकडे ठेवाल का. ठेवली. वाईट वेळ बऱ्याचदा थोडी असते, तेवढ्यात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. इकडे 988 या हेल्पलाइनला फोन करायचा, आपल्याकडे 2022 पासून टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे, मोफत, मराठीतून बोलता येतं. हा नंबर तुझ्या पोस्टिंगमधल्या प्रत्येक नातेवाइकाला लिहून दे.

मराठी पेशंट येतात का? येतात, पण "सायकियाट्रिक" हा शब्द पाटीवर वाचून दोनदा परत गेलेले असतात. एक मुलगा आईला घेऊन आला, ती व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेली, कोल्हापूरकडची. तो इंग्लिशमध्ये सांगतोय, आईला ॲसिडिटी आहे, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, पीसीपी म्हणजे नेहमीचा फॅमिली डॉक्टर म्हणाला इकडे दाखवा. काकू माझ्याकडे बघेनात. मला काही वेडबीड लागलेलं नाही हो, पित्त आहे. मी म्हटलं असेल पित्त, रात्री जाग कितीला येते? "तीनला." मग काय करता? "काय करणार, सिंकमधली भांडी घासते. नळ बारीक सोडते, आवाज नको, सकाळी ह्यांची ऑफिसं असतात." मुलगा तिच्याकडे बघतच राहिला, त्याला वाटत होतं डिशवॉशर बायको लावते. मग हळूहळू बाकीचं आलं, जेवण जात नाही, आठ किलो वजन उतरलं, मिस्टर जाऊन वर्ष झालं, इथे दिवसभर घरात एकटी, गाडी येत नाही म्हणजे पाय बांधल्यागत. एकदाही "दुःख" म्हणाल्या नाहीत, छातीत आग होते, डोकं जड होतं, अंग मोडून येतं, एवढंच. आपल्याकडच्या त्या वयाच्या बायका असंच सांगतात, तेच ऐकायचं, त्यांच्याकडून "मला डिप्रेशन आहे" हे वाक्य वदवून घ्यायची काही गरज नाही. सोडियम, थायरॉइड, बी-बारा बघून घेतलं, मिर्टाझापिन हे नैराश्यावरचं औषध रात्रीचं अगदी कमी डोसवर सुरू केलं, त्याने झोप आणि भूक दोन्ही धरतात आणि मुख्य म्हणजे ते कोल्हापुरातही मिळतं. इन्शुरन्स नव्हताच, मुलाने खिशातून भरलं, म्हणून महागडं काही लिहून उपयोग नव्हता. शनिवारी डॅलसजवळच्या फ्रिस्कोच्या हनुमान मंदिरात कुणीतरी सोडायचं असं सुनेने ठरवलं. परत जाताना सगळं एका कागदावर लिहून दिलं, तिथल्या डॉक्टरांसाठी, आणि गोळी अचानक बंद करायची नाही हे मराठीत मोठ्या अक्षरात.

आता घरच्यांचं. माझ्या आईने मी सायकियाट्रीत आहे हे शेजारणींना बरीच वर्षं सांगितलं नाही, "न्यूरोला आहे" म्हणायची. माझं लग्न ठरताना मामांनी बायोडेटात फक्त "स्टाफ नर्स" लिहिलं. नवऱ्याला मी भेटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकलं, तो म्हणाला म्हणजे तुला आमच्या घरात ॲडजस्ट व्हायला त्रास होणार नाही. विनोद बरा नव्हता, माणूस बरा निघाला. त्याच्या आयटीच्या नोकरीमुळे मी इकडे एच-फोरवर, म्हणजे नवऱ्यासोबतच्या व्हिसावर आले, एनसीलेक्स ही इथली नर्सिंग लायसन्सची परीक्षा पास होऊन घरी बसले कारण एच-फोरवर काम करता यायचं नाही. पोळ्या, लायब्ररी, पुन्हा पोळ्या. 2015 मध्ये नियम बदलला, ज्यांच्या नवऱ्याची ग्रीन कार्डची फाइल मंजूर झालीय त्यांना वर्क परमिट मिळायला लागलं, तेव्हा कुठे वॉर्डात उभी राहिले, नाईट ड्युटीला, इन-पेशंट सायकमध्ये. तिथून मग मास्टर्स, किमान 500 तास क्लिनिकल (आता बऱ्याच कॉलेजांत 750), एएनसीसीची सर्टिफिकेशनची परीक्षा, लायसन्स, नियंत्रित औषधं लिहायला लागणारा डीईए नंबर. मुलगी तेव्हा लहान होती, सासूबाई सहा सहा महिने येऊन राहिल्या म्हणून झालं, हे मी सगळीकडे सांगते कारण लोक एकटीच्या जिद्दीच्या गोष्टी फार सांगतात.

आणि रोज ऐकून काय होतं? होतं ना. न होणारी माणसं मला जरा संशयास्पद वाटतात. पण रडणं वगैरे कमी, माझं चिडचिडीत निघतं, घरी दूध उतू गेलं तरी मी खेकसते, मुलीने एकदा विचारलं आज तुझा कुठला पेशंट वाईट होता का. तेव्हापासून क्लिनिक ते घर या रस्त्यात मी फोन उचलत नाही, काही ऐकत नाही, आणि आल्यावर आधी अंघोळ, वॉर्डात असल्यापासूनची सवय. चार्टिंग घरी आणत नाही, उशीर झाला तरी तिथेच संपवते. मी स्वतः थेरपिस्टकडे जाते, महिन्यातून दोनदा, ते लपवत नाही. पेशंट गेला, आत्महत्येने गेला, तर काय करायचं याची तयारी कुठल्याच कोर्समध्ये नसते, त्या आठवड्यात मी ज्या सिनियर डॉक्टरांबरोबर बसते ते फक्त चहा करून देतात आणि चार्ट पहिल्यापासून माझ्यासोबत वाचतात. आईला सकाळी गाडीतून फोन असतो, तिकडे संध्याकाळचे साडेपाच, ती भाजी निवडत असते, तिचं सांगलीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांपासून सुरू होतं. मला ते लागतं.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मात्र दरवर्षी कुणीतरी कोपऱ्यात घेतं, जरा दोन मिनिटं, मुलाचं जरा... ओळखीच्यांना मी तपासत नाही, अजिबात नाही. पण ऐकून घेते, कुठे जायचं ते सांगते, आणि पुढच्या वेळी भेटल्यावर चारचौघांत "आता कसं आहे" असं कधी विचारत नाही.

मारहाणीची भीती घरच्यांनी घातली असेल. इतर वॉर्डांतही पेशंट मारतात, ईआरमध्ये तर जास्तच. थोडी शिस्त लागते: गळ्यात स्टेथो नाही, वेणी मोकळी नाही, अंबाडा, खोलीत दाराच्या बाजूला आपण, हाताच्या अंतराच्या पलीकडे उभं राहायचं, आवाज त्याच्यापेक्षा खाली. आणि तहान, भूक, लघवी आधी विचारायची, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

तर जाऊ का? तुला पोस्टिंगमध्ये पेशंटशी गप्पा मारायला आवडलं एवढंच असेल तर थांब, गप्पा सगळ्यांनाच आवडतात. त्याच पेशंटने तिसऱ्या दिवशी तुला ओळख दिली नाही, शिवी दिली, आणि चौथ्या दिवशी तू परत जाऊन त्याच्या शेजारी बसलीस आणि ते तुला जड गेलं नाही, तर ये. आधी दोन वर्षं तरी आपल्याकडे वॉर्ड कर, जमलं तर वर्षभर मेडिसिन वॉर्डही, कारण मानसिक पेशंटलाही शुगर, थायरॉइड, फिट सगळं असतं आणि ते सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. घरच्यांना समजावण्यात फार ताकद घालवू नकोस, पहिला पगार आणि आत्याच्या झोपेच्या गोळ्यांबद्दल एक चांगला सल्ला, एवढ्यात आमच्याकडे काम झालं.

इकडे यायचं डोक्यात असेल तर एनसीलेक्स भारतात देता येते, आपल्या सोयीचं सेंटर मुंबईचं. नोकरीवरून ग्रीन कार्डची रांग भारतात जन्मलेल्यांसाठी फार लांब आहे, कन्सल्टन्सीवाला "दोन वर्षांत पाठवतो" म्हणाला तर पैसे देऊ नकोस. आणि ट्रान्सक्रिप्टचं (विषय, तास, मार्क यांचा कॉलेजचा दाखला) काम आत्ताच, कॉलेजात आहेस तोवर धर. सायकियाट्रीची थिअरी किती तास आणि प्रॅक्टिकल किती तास हे वेगवेगळं लिहिलेलं पाहिजे, ऑफिसातले क्लार्क बऱ्याचदा एकत्र आकडा टाकून देतात आणि मग इथलं नर्सिंग बोर्ड कागद परत पाठवतं. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठात आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला नावाचं स्पेलिंग एकच आहे ना तेही बघ, लग्नाआधी बघ.